सामायिक खोलीत नमाजाची सोय : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कार्यालय, महाविद्यालय, रुग्णालय अशा ठिकाणी सर्वांसाठी असलेल्या खोलीत नमाजाची सोय कशी करावी, याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. धर्मशास्त्राच्या बारकाव्यांत विविध पंथांचे मतभेद आहेत. त्यांपैकी ज्यांचा खोलीच्या मांडणीवर परिणाम होतो, तेवढेच येथे सांगितले आहेत.

प्रश्न : आमच्या कार्यालयात चार मीटर रुंद आणि पाच मीटर लांब अशी एक खोली ‘शांत खोली’ म्हणून राखून ठेवायचे ठरले आहे. मुस्लिम सहकाऱ्यांना तिथे नमाज अदा करता यावा आणि इतरांनाही ध्यान, प्रार्थना किंवा नुसता निवांतपणा मिळावा, अशी इच्छा आहे. त्यासाठी काही निसर्गचित्रे व व्यक्तिचित्रे, एक मोठा सोफा आणि सुविचारांचे फलक पसंत केले आहेत. आणखी काय लागेल? (मनुष्यबळ विभागातील एक वाचक)

उत्तर : पसंत केलेले सामान आणण्याआधी थोडे थांबावे, असे सुचवतो, कारण या खोलीला सर्वांत जास्त गरज मोकळ्या जमिनीची आहे आणि आपण नेमकी तीच व्यापायला निघाला आहात. नमाजात माणूस आधी उभा राहतो, मग कमरेत वाकून रुकू करतो, त्यानंतर कपाळ, नाक, दोन्ही तळहात, गुडघे आणि पायांची बोटे जमिनीला टेकवून सजदा करतो आणि मध्ये गुडघ्यांवर बसतो. एवढ्या हालचालींना एका व्यक्तीमागे सुमारे ६० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर लांब जागा लागते. जमातीने, म्हणजे सामूहिक, नमाज होतो तेव्हा लोक खांद्याला खांदा लावून सरळ रांगेत उभे राहतात आणि इमाम पुढे एकटा उभा असतो. आपल्या खोलीत पाच मीटरची बाजू किब्ल्याच्या, म्हणजे मक्केतील काबाच्या, दिशेने असेल तर इमामासाठी एक रांगभर जागा, मागे सहा-सहा जणांच्या दोन रांगा आणि दाराजवळ चपला-बुटांसाठी व ये-जा करण्यासाठी सुमारे १.४ मीटर, असा हिशेब बसतो. म्हणजे तेरा माणसे झाली. किब्ला भिंतींना तिरका येत असेल तर कोपरे वाया जाऊन हा आकडा नऊ-दहावर येतो. मोठा सोफा आणला, तर एक अख्खी रांग गेली असे समजावे.

चित्रांबद्दल बोलायचे तर नमाजाच्या वेळी समोर माणसांची किंवा प्राण्यांची चित्रे नसावीत, हा दंडक बहुतेक मुसलमान पाळतात. आरसाही समोर नको, कारण वाकताना-उठताना स्वतःचेच प्रतिबिंब दिसत राहते. किब्ल्याकडची भिंत कोरी ठेवली की हा प्रश्नच उरत नाही, आणि ध्यानाला बसणाऱ्यालाही कोरी भिंत अडचणीची होत नाही. सुविचारांचे फलक मात्र मी कोणत्याच भिंतीवर लावणार नाही. निवांतपणासाठी आलेल्या माणसाला भिंतीने उपदेश करू नये, हे माझे वैयक्तिक मत आहे. आपण ते बाजूला ठेवू शकता.

नमाजासाठी लागणारे सामान अगदी थोडे असते. घडी करून किंवा गुंडाळून ठेवता येतील अशा जानमाजा, म्हणजे नमाजाच्या चटया. त्या ठेवण्यासाठी बंद कपाट. दाराजवळ चपला-बुटांचा कप्पा आणि ते घालता-काढता यावेत म्हणून शेजारी बसायला एक छोटे बाक. आणि कुराणाच्या प्रती ठेवायच्या असतील तर त्यांच्यासाठी उंचावरची फळी, ज्यावर दुसरी कोणतीही वस्तू ठेवली जाणार नाही. ज्यांना गुडघ्यांच्या दुखण्यामुळे किंवा वयामुळे खाली बसता येत नाही, त्यांच्यासाठी हात नसलेल्या दोन हलक्या खुर्च्या ठेवाव्यात. त्या रांगेच्या टोकाला मांडल्या की मागच्याला अडचण होत नाही.

दार कुठे आहे, हे मात्र कपाटाच्याही आधी पाहावे. नमाज अदा करणाऱ्याच्या पुढून जाणे अनुचित मानले जाते. उघड्या जागेत त्यासाठी समोर सुतरा, म्हणजे हातभर उंचीची एखादी वस्तू, ठेवण्याचा प्रघात आहे. किब्ल्याकडच्या भिंतीतच दार असेल तर प्रत्येक येणाऱ्याला रांगेसमोरून जावे लागेल आणि मग खोली कितीही सुंदर असली तरी तिथे सतत कुणीतरी ओशाळत राहील. दोन खोल्यांपैकी एक निवडण्याची मुभा असेल तर जिचे दार किब्ल्याच्या विरुद्ध बाजूला किंवा मागच्या कोपऱ्यात आहे ती निवडावी, मग ती थोडी लहान असली तरी चालेल.

प्रश्न : किब्ल्याची दिशा ठरवण्यावरून आमच्याकडे वाद झाला. दोन मोबाइलवर दोन दिशा दिसल्या, आणि एका सहकाऱ्याने तर जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून तिसरीच दिशा काढली. खात्रीचा मार्ग कोणता? (एका महाविद्यालयातील प्रयोगशाळा साहाय्यक)

उत्तर : मोबाइलमधले होकायंत्र चुंबकीय असते, त्यामुळे इमारतीतील लोखंडी सळ्या, कपाटे आणि विजेच्या तारा यांच्याजवळ ते हमखास बहकते. नकाशावरच्या पट्टीत वेगळाच दोष आहे. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर सरळ रेषेत दिसत नाही. म्हणूनच न्यूयॉर्कमधील मुसलमान ईशान्येकडे तोंड करून उभे राहतात, मक्का त्यांच्या दक्षिणेच्या अक्षांशावर असूनही.

खात्रीचा आणि फुकटचा मार्ग सूर्याचा आहे. मक्का कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस, सुमारे २१.४ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा काबाच्या बरोबर डोक्यावर येतो: साधारण २७-२८ मे रोजी मक्केच्या वेळेनुसार दुपारी १२ वाजून १८ मिनिटांनी आणि १५-१६ जुलै रोजी १२ वाजून २७ मिनिटांनी. जागतिक प्रमाणवेळेनुसार या वेळा अनुक्रमे सकाळच्या ९ वाजून १८ आणि ९ वाजून २७ मिनिटांच्या आहेत. त्या क्षणी पृथ्वीच्या ज्या ज्या भागात ऊन असेल तिथे सूर्याकडे तोंड केले की किब्ल्याकडे तोंड झाले. जमिनीवर उभी काठी रोवून तिच्या सावलीची रेघ मारावी. सावलीच्या उलट दिशेला काबा. एक-दोन दिवस मागेपुढे झाले तरी फरक नगण्य असतो. वर्षभर थांबता येत नसेल तर इमारतीच्या मूळ नकाशावर खरी उत्तर दिशा दाखवलेली असते, तिच्यावरून आपल्या ठिकाणचा किब्ल्याचा कोन मोजावा. जवळच्या मशिदीची दिशा पाहणे हाही साधा आणि सर्वमान्य उपाय आहे.

वाद फार ताणू नये, असेही सुचवतो. काबा डोळ्यांसमोर नसलेल्या माणसाने त्याच्या दिशेकडे तोंड करावे एवढेच पुरेसे आहे, असे बहुसंख्य धर्मशास्त्रज्ञ मानतात. चार-पाच अंशांच्या फरकाने कुणाचा नमाज बाद होत नाही. मात्र एकदा दिशा ठरली की ती छतावर किंवा भिंतीच्या वरच्या कडेला छोट्या बाणाने कायमची दाखवावी आणि जमिनीवर रांगांच्या फिकट रेषा आखाव्यात, म्हणजे नव्या माणसाला कुणाला विचारावे लागणार नाही. रेषा भिंतींना तिरक्या आल्या तर संकोच नको. ढाक्यातील बैत उर रऊफ ही वास्तुरचनाकार मरिना तबस्सुम यांनी उभारलेली आणि २०१६मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळालेली मशीद ज्या जमिनीवर आहे, ती किब्ल्याशी १३ अंशांनी तिरकी होती. तबस्सुम यांनी चौकोनात एक वर्तुळ बसवून त्याच्या आतले नमाजाचे दालन तेवढ्याच कोनात फिरवले. त्या मशिदीला घुमट किंवा मिनार नाही.

प्रश्न : नमाजाच्या खोलीबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती हात धुण्याच्या बेसिनची. लोक त्यात पाय धुतात, जमीन ओली होते, आणि मग इतर कर्मचारी माझ्याकडे येऊन बोलतात. फलक लावून पाहिला, उपयोग झाला नाही. (एका रुग्णालयातील स्वच्छता पर्यवेक्षक)

उत्तर : फलकाचा उपयोग झाला नाही यात नवल नाही, कारण त्याने मनाई केली, पर्याय दिला नाही. नमाजाआधी वजू करावा लागतो. त्यात मनगटांपर्यंत हात धुणे, चूळ भरणे, नाकात पाणी घेणे, चेहरा धुणे, कोपरांपर्यंत हात धुणे, ओला हात डोक्यावरून फिरवणे आणि शेवटी घोट्यांपर्यंत पाय धुणे असा क्रम असतो. ऐच्छिक उपचार म्हणून हे सोडून देता येत नाही. कुराणाच्या पाचव्या अध्यायातील सहाव्या आयतीत ते सांगितले आहे. पाणी नसेल किंवा आजारपणामुळे वापरता येत नसेल तर स्वच्छ मातीने करायचा तयम्मुम त्याच आयतीत आहे, पण केवळ बेसिन सोयीचे नाही म्हणून तयम्मुम करता येत नाही. तेव्हा छातीइतक्या उंचीच्या बेसिनमध्ये पाय वर उचलणारा माणूस दुसरा मार्ग नाही म्हणून तसे करतो, आणि त्यालाही तोल सांभाळताना अवघडच वाटत असते. वयस्क माणसाच्या बाबतीत तर हे धोक्याचे आहे.

एकाच वेळी दोन जण बसू शकतील असे कमी उंचीचे वजूचे ठिकाण बांधून घेता आले तर तक्रारीचे मूळच जाते. सुमारे ४० ते ४५ सेंटिमीटर उंचीचा पक्का ओटा किंवा बैठक, समोर पाय ठेवण्यासाठी उताराची मोरी, बसल्या बसल्या हाताला येईल असा नळ आणि घसरणार नाहीत अशा फरश्या, एवढे त्यात असावे. एका माणसाला ७५ ते ८० सेंटिमीटर रुंदी द्यावी, नाहीतर कोपर शेजाऱ्याला लागतात. कोट किंवा पिशवी अडकवायला खुंटी, घड्याळ-चष्म्यासाठी फळी, पुसण्यासाठी कागदी रुमाल आणि त्यांच्यासाठी झाकणाची टोपली, या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण त्या नसल्या की ओल्या हातांनी माणूस इकडे-तिकडे फिरतो आणि पाणी आपण मोजू शकणार नाही इतक्या ठिकाणी पोचते. नळ हळू वाहणारा किंवा दाबून सुरू होणारा निवडावा. प्रेषित मुहंमद सुमारे एक मुद्द पाण्यात, म्हणजे आजच्या मापाने लिटरपेक्षाही कमी पाण्यात, वजू करीत असे हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या व आचरणाच्या संग्रहात, नोंदलेले आहे, त्यामुळे पाणी जपून वापरण्याची विनंती केली तर ती कुणालाही परकी वाटणार नाही.

बांधकाम शक्य नसेल तर कमी खर्चाचा मार्गही आहे. एखाद्या जुन्या स्नानगृहाचा सांडपाण्याचा निचरा चालू असेल तर तिथे भक्कम स्टूल आणि लवचिक नळीचा हातातला फवारा पुरेसा होतो. अनेक जण घरून वजू करून येतात आणि तो मोडेपर्यंत, उदाहरणार्थ शौचाला जाईपर्यंत किंवा झोप लागेपर्यंत, पुन्हा करावा लागत नाही. काही जण पूर्ण वजू करून चामडी मोजे घालतात आणि पुढच्या वेळी पाय धुण्याऐवजी त्या मोज्यांवरून ओला हात फिरवतात. मुक्कामी असलेल्याला एक दिवस-रात्र आणि प्रवाशाला तीन दिवस-रात्र अशी मुभा सुन्नी पंथातील तीन शाखा देतात, शिया मात्र हे मान्य करीत नाहीत. म्हणून अशी सवलत असल्याचे माहीत असले तरी व्यवस्थापनाने ती कुणाला सुचवू नये.

आपल्या पत्रात नसलेली, पण त्याच विभागात येणारी एक गोष्ट सांगतो. शौचालयात पाण्याने स्वच्छता करण्याची सोय, फवारा किंवा निदान भांडे, असली पाहिजे. तिच्याशिवाय वजूची उत्तम जागाही अपुरी पडते. आणि वजूच्या जागेपासून नमाजाच्या खोलीपर्यंतची वाट अशी असावी की धुतलेले पाय पुन्हा मळणार नाहीत. ती वाट शौचालयातून जात असेल तर मध्ये धुता येण्याजोग्या रबरी चपलांचे दोन-तीन जोड ठेवावेत. स्त्रियांना वजूच्या वेळी डोक्यावरचे वस्त्र काढावे लागते आणि बाह्या वर घ्याव्या लागतात, त्यामुळे त्यांची जागा वेगळी आणि आतून कडी लावता येईल अशीच हवी.

प्रश्न : दिवसातून पाच वेळा कामकाज थांबवणे आम्हाला कसे परवडेल? (एका लहान कारखान्याचे व्यवस्थापक)

उत्तर : पाचही वेळा कामाच्या तासांत येत नाहीत. फजर पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत आणि इशा रात्री असते. दिवसपाळीत साधारणपणे जोहर (दुपारचा) आणि असर (तिसऱ्या प्रहरचा) येतात, आणि दिवस लहान झाले की मगरिबही (सूर्यास्तानंतरचा). जोहरची वेळ सूर्य माथ्यावरून कलल्यापासून असर लागेपर्यंत, म्हणजे बहुतेक ठिकाणी कित्येक तासांची असते, त्यामुळे जेवणाच्या सुटीत तो नमाज सहज बसतो. असर कधी लागते याबद्दल सुन्नी पंथातील हनफी आणि इतर शाखांमध्ये फरक आहे. वस्तूची सावली दुपारच्या सावलीपेक्षा वस्तूच्या उंचीइतकी वाढली की असर लागली असे इतर मानतात, तर हनफी ती दुप्पट वाढेपर्यंत थांबतात. यामुळे आपले कामगार सगळे एकदम न उठता दोन गटांत गेले तर आश्चर्य मानू नये. यंत्रे चालू ठेवायला ते सोयीचेच आहे. घाईची वेळ एकच, मगरिबची, कारण ती सूर्यास्ताला सुरू होऊन संधिप्रकाश मावळताच संपते. एका वेळच्या नमाजाला पाच ते दहा मिनिटे लागतात आणि वजूला दोन-तीन. विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत हिवाळ्यात या तिन्ही वेळा एकमेकींच्या फार जवळ येतात, तिथे ऋतूप्रमाणे वेळापत्रक बदलावे लागेल.

शुक्रवारचा हिशेब निराळा आहे. त्या दिवशी जोहरऐवजी जुम्म्याचा नमाज असतो. त्याआधी दोन भागांचा खुतबा, म्हणजे प्रवचन, शांतपणे ऐकायचे असते आणि तो जमातीनेच होतो. त्याला अर्धा-पाऊण तास धरावा. बाहेरच्या मशिदीत जायचे असेल तर जाण्या-येण्याचा वेळ वेगळा. शुक्रवारची दुपार महत्त्वाच्या बैठकांपासून मोकळी ठेवणे हा माझ्या माहितीतील सर्वांत स्वस्त उपाय आहे. रमजान चांद्र पंचांगामुळे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, म्हणून त्या महिन्याचे नियोजन मागील वर्षाच्या तारखांवरून करू नये.

प्रश्न : आमच्या विद्यापीठात नमाजाची खोली आहे, पण ती नेहमी मुलांनी भरलेली असते. आम्ही मुली दारातूनच परत फिरतो. मध्ये पडदा लावावा अशी मागणी केली तर काही मैत्रिणींनाच ती पटली नाही. शिवाय व्यवस्थापनाने आता उपस्थितीची वही ठेवली आहे. (एक पदव्युत्तर विद्यार्थिनी)

उत्तर : आपल्या मैत्रिणींचा आक्षेप निराधार नाही. प्रेषितांच्या मशिदीत पुरुषांच्या रांगांमागे स्त्रियांच्या रांगा असत आणि मध्ये आडोसा नव्हता, असे हदीसवरून दिसते. अल्लाहच्या दासींना अल्लाहच्या मशिदींपासून रोखू नका, ही हदीसही प्रसिद्ध आहे. दुसरीकडे, अनेक जणींना आडोशामागे मोकळेपणा वाटतो आणि तोही त्यांचा अधिकार आहे. यातला निर्णय व्यवस्थापनाने किंवा मुलांच्या प्रतिनिधीने आपल्या वतीने घेऊ नये. चाकांची, हलवता येणारी, खांद्याच्या उंचीची जाळी किंवा पडदा ठेवला तर ज्या वेळी ज्यांना हवा त्यांनी तो ओढून घ्यावा, एवढे साधते. कायमची भिंत घातली की स्त्रियांच्या वाट्याला हमखास अरुंद, पंख्याविना आणि सतरंज्यांच्या ढिगाऱ्याची बाजू येते, हे अनेक ठिकाणी पाहिले आहे.

जागा मोजून मागावी. खोलीचा किती भाग स्त्रियांसाठी, हे जमिनीवरच्या रेषेने ठरलेले असावे आणि त्या भागात शिरण्यासाठी पुरुषांच्या रांगांपुढून जावे लागू नये. खोली फारच लहान असेल तर वेळा वाटून घ्याव्यात. जोहर आणि असर यांच्या वेळा पुरेशा लांब असल्यामुळे एकामागून एक दोन जमाती सहज होतात. दोन-चार स्वच्छ लांब ओढण्या कपाटात ठेवाव्यात आणि दर आठवड्याला धुवाव्यात.

उपस्थितीच्या वहीला मात्र मी स्पष्ट विरोध करीन. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रिया नमाज अदा करीत नाहीत, आणि नोंदवहीमुळे कोण कोणत्या दिवशी आली नाही हे वही चाळणाऱ्या कुणालाही कळू शकते. खोली किती वापरली जाते हे जाणून घ्यायचे असेल तर नावे न लिहिता डोकी मोजावीत. हा मुद्दा आपण लेखी मांडावा. कारण सांगितल्यावर बहुतेक व्यवस्थापने वही मागे घेतात, त्यांना ते सुचलेले नसते इतकेच.

प्रश्न : मी त्याच खोलीत ध्यानाला बसते. नमाज अदा करणाऱ्यांशी माझे वैर नाही, पण खोली हळूहळू त्यांचीच होत चालली आहे असे वाटते. जानमाजा कायम अंथरलेल्या असतात. एकदा तिथे नमाज झाला की ती मशीद होते आणि मग ती परत घेता येत नाही, असे कुणीतरी म्हणाले. हे खरे आहे का? (एक वाचक)

उत्तर : हे खरे नाही, आणि ही समजूत जितक्या लवकर दूर होईल तितके दोन्ही बाजूंना बरे. इस्लामी धर्मशास्त्रात एखादी जागा मशीद होण्यासाठी तिच्या मालकाने ती कायमची वक्फ करावी लागते, म्हणजे आपला हक्क सोडून ती त्या कामासाठी अर्पण करावी लागते. कार्यालयातील, विमानतळावरील किंवा घरातील खोलीत वर्षानुवर्षे नमाज होत राहिला तरी ती नमाजाची जागाच राहते, मशीद होत नाही. मशिदीचे विशेष नियम तिला लागू होत नाहीत. मालक तिचा उपयोग बदलू शकतो. एका धर्माच्या जागेत दुसऱ्याने प्रार्थना करण्याचे दाखलेही जुने आहेत. नजरान येथून मदिनेला आलेल्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला प्रेषितांनी आपल्या मशिदीत त्यांची प्रार्थना करू दिली, असे प्राचीन चरित्रकारांनी नोंदवले आहे. आणि आपल्याला वाटते ती भीती खलिफा उमर यांनाही ठाऊक होती, असे एका परंपरेवरून दिसते. इसवी सन ६३७-३८च्या सुमारास जेरुसलेम ताब्यात आल्यावर तेथील मुख्य चर्चमध्ये नमाज अदा करण्याची विनंती त्यांनी नाकारली, कारण पुढच्या पिढ्या त्या आधारावर चर्चवर हक्क सांगतील, असे त्यांना वाटले.

तरीही आपली तक्रार धर्मशास्त्राने सुटणारी नाही, कारण ती अंथरलेल्या जानमाजांची आहे आणि ती रास्त आहे. सामायिक खोलीची नेहमीची अवस्था रिकामी असली पाहिजे: जो येईल त्याने आपले सामान कपाटातून काढावे आणि जाताना परत ठेवावे, मग ते जानमाज असो, ध्यानाचे आसन असो, जपमाळ असो किंवा मूर्ती. प्रत्येकाला एक कप्पा द्यावा. खोलीत कायमचे काही ठेवायचे असेल तर तो फक्त दिशादर्शक बाण आणि रांगांच्या रेषा, ज्यांनी इतरांना काहीच अडथळा होत नाही. न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयातील ध्यानखोलीला सरचिटणीस डॅग हॅमरशोल्ड यांनी १९५७मध्ये आजचे रूप दिले. कोणत्याही धर्माचे चिन्ह नसलेल्या त्या खोलीत मधोमध लोहखनिजाचा साडेसहा टनांचा ठोकळा आहे, समोर अमूर्त भित्तिचित्र आहे आणि बसायला बाके आहेत. खोली देखणी आहे, पण ती बसून चिंतन करणाऱ्याच्या कल्पनेतली आहे. सजदा करणाऱ्या दहा जणांना तिथे जमीन सापडणार नाही. तटस्थ ठेवलेली खोली सर्वांना उपयोगी पडतेच असे नाही, म्हणून चिन्हे काढण्याइतकेच लक्ष फर्निचर काढण्याकडेही द्यावे लागते.

वेळांबद्दल एक दिलासा देतो. जोहर आणि असर हे दोन्ही नमाज मनातल्या मनात, आवाज न करता पढले जातात. इमामाच्या तोंडून फक्त ‘अल्लाहु अकबर’ असे अधूनमधून ऐकू येते. मगरिब, इशा, फजर आणि जुम्मा यांत मात्र कुराणपठण मोठ्याने होते. त्यामुळे दिवसा आपण मागच्या कोपऱ्यात डोळे मिटून बसलात आणि पुढे दोन-तीन जण नमाज अदा करीत असले तर दोघांचेही काही बिघडत नाही. जमातीच्या पंधरा-वीस मिनिटांच्या वेळा दाराबाहेर लिहून ठेवाव्यात, आणि आपल्या ध्यानवर्गाच्या वेळाही त्याच कागदावर, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहाव्यात.

प्रश्न : मी शिया आहे. सजद्यासाठी मातीची टिकिया ठेवतो म्हणून सहकारी कुतूहलाने पाहतात, आणि एकदा कुणीतरी माझी टिकिया कचरा समजून फेकून दिली. मी कुणाला समजावत बसावे का? (एक वाचक)

उत्तर : समजावण्याचा भार आपल्यावर येऊ नये. शिया मुसलमान सजद्यात कपाळ मातीवर किंवा मातीतून उगवलेल्या, पण न खाल्ल्या जाणाऱ्या आणि न नेसल्या जाणाऱ्या वस्तूवर टेकवतात; त्यासाठी सजदागाह, म्हणजे मातीची, बहुधा करबलाच्या मातीची, टिकिया वापरतात. गालिच्यावर कपाळ टेकवणे त्यांना चालत नाही. ते जोहर-असर आणि मगरिब-इशा सलग अदा करू शकतात, त्यामुळे त्यांच्या येण्याच्या वेळाही वेगळ्या दिसतात. कपाटात एक झाकणाचा छोटा डबा सजदागाहसाठी ठेवावा, त्यावर तसे लिहावे, सोबत तळहाताएवढे गवती किंवा ताडाच्या पानांच्या चटईचे दोन-चार तुकडे ठेवावेत आणि सफाई कर्मचाऱ्यांना एकदा दाखवून द्यावे. व्यवस्थापनाने नमाजाबद्दल सल्ला घेताना एकाच पुढाकार घेणाऱ्या माणसाला न विचारता दोन-तीन वेगवेगळ्या पंथांच्या आणि स्त्री-पुरुष दोन्ही सहकाऱ्यांना विचारले तर असे प्रसंग टळतात.

प्रश्न : आमच्याकडे मुस्लिम कर्मचारी तिघेच आहेत आणि स्वतंत्र खोली देणे शक्य नाही. सध्या ते जिन्याखाली नमाज अदा करतात. (एका लहान कार्यालयाचे प्रमुख)

उत्तर : नमाजासाठी खोलीच हवी असे नाही, सारी पृथ्वी माझ्यासाठी सजद्याची जागा केली गेली आहे, असे प्रेषितांचे वचन आहे. कब्रस्तान आणि स्नानगृह मात्र त्यातून वगळलेले आहेत. जिन्याखालची जागा शास्त्राने चालत असली तरी तिथे माणसाला आपण लपून काही करतो आहोत असे वाटते. बैठकीची खोली दिवसातून दोनदा पंधरा मिनिटे त्यांच्या नावाने राखून ठेवावी आणि ती राखीव वेळ इतर बैठकांसारखीच वेळापत्रकात दिसावी. तिघांची जमात सहज होते: एक पुढे, दोन मागे. दोघेच असतील तर दुसरा इमामाच्या उजव्या हाताला शेजारीच उभा राहतो, त्यामुळे टेबल सरकवून दीड मीटर बाय दीड मीटरची जागा केली तरी पुरते. पाठ दाराकडे येत असेल तर ‘कृपया थोडे थांबावे’ अशी पाटी बाहेर अडकवावी.

प्रश्न : खोलीची किल्ली स्वागतकक्षात ठेवणे योग्य की खोली उघडी ठेवणे? सुरक्षेचा मुद्दा पुढे येतो आहे. (इमारत व्यवस्थापन विभाग)

उत्तर : उघडी ठेवावी. किल्ली मागण्यासाठी रोज दोनदा स्वागतकक्षाशी उभे राहावे लागले तर नवा कर्मचारी आठवडाभरात ते सोडून देतो आणि जिन्याखालची जागा शोधतो. कार्यालयाच्या मुख्य दाराशी ओळखपत्र तपासले जात असेल तर आतल्या या एका खोलीला वेगळे कुलूप लावण्याचे कारण दिसत नाही. मौल्यवान वस्तू तिथे नसतातच. खोलीत चित्रीकरणाचा कॅमेरा नसावा. बाहेरच्या मार्गिकेत असलेला पुरेसा आहे. आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट जानमाजांच्या रांगांनी किंवा बुटांच्या ढिगाने अडणार नाही, एवढे शुक्रवारी स्वतः जाऊन पाहावे, आणि किती माणसांपर्यंत ती खोली सुरक्षित आहे तो आकडा अग्निशमन विभागाकडून घेऊन दारावर लावावा. आकडा ओलांडला जात असेल तर जुम्म्यापुरते मोठे सभागृह द्यावे; ते दर शुक्रवारी नव्याने मागावे लागू नये म्हणून वर्षभरासाठी एकदाच नोंदवून ठेवावे.